म्हैसूरच्या राणीने देवी काढून घेतल्या

नजरबादच्या दगडांनी दोनदा प्रवास केला. १७८७च्या सुमारास टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडायला लावला आणि त्याचे चिरे थोड्या पूर्वेकडच्या उंचवट्यावर नेऊन नवा किल्ला उभारायला घेतला. त्या जागेला त्याने नजरबाद हे नाव दिलं. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढता लढता मारला गेला, आणि तेच चिरे उलट्या दिशेने जुन्या जागी परत आले. त्यांतून म्हैसूरच्या वडियार राजघराण्याचा किल्ला पुन्हा बांधला गेला. नजरबादेत उरली मोकळी जमीन. त्या बाजूला १८०५मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट मार्क विल्क्स याने रेसिडेन्सी बांधून घेतली. डोरिक खांबांची ही इमारत अजून उभी आहे आणि सरकारी अतिथिगृह म्हणून वापरात आहे.

एकीकडे कंपनीचा माणूस आपल्या नव्या घराच्या भिंती चढवत होता, दुसरीकडे राजवाड्यात लग्नाची बोलणी चालली होती, आणि या दोन वास्तूंमध्ये त्या काळात आणखी एक गोष्ट ठरत होती. म्हैसूरच्या राज्यात देवीची नवी लस चालू करायची, तर पहिल्यांदा ती कोणाला टोचायची?

राजवाड्याला हा प्रश्न परका नव्हता. तरुण राजा मुम्मडी कृष्णराज वडियार याचा बाप, खासा चामराज वडियार, १७९६मध्ये देवीनेच गेला होता. त्या वेळी मुलगा दोन वर्षांचाही नव्हता. टिपूने पुढे नवा राजा गादीवर बसवलाच नाही. राजवाडा रिकामा करवला आणि घराण्यातल्या बायकामुलांना एका साध्या घरात नेऊन ठेवलं. मुलाची आईही लवकर गेली. त्याला वाढवलं ते लक्ष्मी अम्मण्णी या वृद्ध राणीने, म्हणजे नात्याने त्याच्या आजीने. हैदर आणि टिपू या दोघांच्या अमलात तिने गादी परत मिळवण्याचा ध्यास सोडला नव्हता. मद्रासच्या इंग्रजांशी तिची गुप्त बोलणी कित्येक वर्षं चालू होती. ३० जून १७९९ रोजी पाच वर्षांच्या त्या मुलाला म्हैसूरला गादीवर बसवण्यात आलं, तेव्हा तिचा हट्ट पुरा झाला. आता तिच्याजवळ राज्य होतं आणि घराण्याचा एक कोवळा अंकुर होता. ज्या रोगाने त्याचा बाप नेला तो रोग दर काही वर्षांनी गावोगाव फिरत होता.

चामराज गेला त्याच वर्षी, १४ मे १७९६ रोजी, इंग्लंडातल्या बर्कली गावात एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचली. गाईच्या आचळांवर उठणाऱ्या गोस्तनदेवीचा तो फोड होता. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचा पू टोचून पाहिला, पण देवी आल्या नाहीत. या घटनेची वार्ता म्हैसूरला पोचायला काही वर्षं गेली आणि ती लस पोचायला आणखी काही.

आधी तो रोग कसा होता ते सांगायला हवं, कारण देवी आलेला माणूस पाहिलेली पिढी आता आपल्यातून जवळजवळ गेली आहे. आजोबांच्या चेहऱ्यावरचे व्रण काहींना आठवत असतील, तेवढंच. देवीचा विषाणू श्वासावाटे शिरतो. घशाच्या आणि श्वसनमार्गाच्या अस्तरावर तो उतरतो, जवळच्या लसीकाग्रंथींत जातो, तिथे वाढतो, रक्तातून प्लीहेपर्यंत पोचतो आणि तिथे पुन्हा वाढतो. हे सगळं दहा ते चौदा दिवस गुपचूप चालतं. माणूस हिंडतो फिरतो, जेवतो, त्याला काहीच जाणवत नाही. मग एक दिवस फणफणून ताप येतो, कंबर मोडल्यासारखी दुखते, आणि दोन-तीन दिवसांनी तोंडावर, हातांवर, तळव्यांवर पुरळ दिसू लागतं. पुरळाचे फोड होतात, फोडांत पू भरतो, पुढे खपल्या धरतात. ज्यांना आधी काहीच टोचलेलं नसे अशा रुग्णांपैकी साधारण तीनातला एक मरत असे. जगलेल्यांपैकी काहींचे डोळे जात.

मराठी घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. चुलीवर फोडणी पडत नसे, कोणी मोठ्याने बोलत नसे. शीतळादेवी घरात पाहुणी आलेली असे, आणि पाहुणीला राग येईल असं काही करायचं नसे. दक्षिणेत गावाच्या वेशीवर मारम्मा बसलेली असे. या भावनेला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. रुग्णाला थंडाव्यात निजवणं, हलका आहार देणं, त्याच्या खोलीत येणंजाणं थांबवणं, अंगाला कडुलिंबाचा पाला लावणं यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण साठलेलं होतं. एक गोष्ट तर या लोकांना पक्की ठाऊक होती, ती म्हणजे ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला त्या पुन्हा येत नाहीत. देवीच्या रुग्णाच्या सेवेला घरातला व्रणांचाच माणूस बसवत.

आज आपण या ज्ञानाचं स्पष्टीकरण देऊ शकतो. विषाणूशी झुंज देताना शरीरातल्या पांढऱ्या पेशींपैकी ज्या नेमक्या त्या विषाणूला ओळखतात त्यांची संख्या झपाट्याने वाढते. बी पेशी प्रतिपिंडं तयार करतात. ती विषाणूच्या कवचाला चिकटतात आणि त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. टी पेशी आधीच बाधित झालेल्या पेशी शोधून मारतात. रोग हटल्यावर यांतल्या बहुतेक पेशी मरून जातात, पण काही उरतात आणि दशकानुदशकं शरीरात राहतात. पुढच्या वेळी तोच विषाणू आला की आठवड्याचं काम त्या दिवसा-दोन दिवसांत करतात. देवी येऊन गेलेल्या माणसाचं शरीर असं तयार झालेलं असतं. ही तयारी करून घेण्यासाठी तीनातल्या एकाचा जीव जाण्याची पाळी मात्र येऊ नये.

यावर माणसाने जेन्नरच्या कितीतरी आधी एक उपाय शोधला होता. सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला पू किंवा सुकलेली खपली घ्यायची आणि निरोगी माणसाला टोचायची. बंगालात हे काम करणारे टीकादार दर वसंतात गावोगाव फिरत. चीनमध्ये खपलीची पूड नळीने नाकात फुंकत. या टोचणीत मृत्यूचं प्रमाण शंभरात एक-दोनवर येई. हा मोठाच फरक होता. त्याचं एक कारण असं की श्वासावाटे आलेला विषाणू शरीरभर गुपचूप पसरतो, पण कातडीत टोचलेला विषाणू आधी त्याच जागी वाढतो. तिथे सूज येते, शरीराला लवकर सुगावा लागतो आणि झुंज विषाणू पसरण्याआधी सुरू होते. पण या टोचणीत एक मोठा धोका होता. टोचलेल्या माणसाला खऱ्याच देवी येत. त्या सौम्य असल्या तरी त्याच्यापासून शेजाऱ्याला लागण होई, आणि ती शेजाऱ्याला सौम्य येईल याची हमी नसे. एका घराची सोय दुसऱ्या घराच्या मरणाला कारण होई.

गाईच्या देवीने हा धोका काढून टाकला. गोस्तनदेवीचा विषाणू आणि देवीचा विषाणू एकाच कुळातले, त्यांच्या कवचावरची कितीतरी प्रथिनं सारखी. एकाशी लढायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही ओळखतं. माणसाच्या शरीरात मात्र गाईकडून आलेला विषाणू फार पुढे जाऊ शकत नाही. दंडावर एक फोड उठतो, थोडा ताप येतो, आणि श्वासावाटे तो कोणाला लागत नाही. पुढच्या काळात लशीत सापडलेला विषाणू हा गाईच्या देवीपेक्षाही घोड्यांच्या देवीला जवळचा असल्याचं दिसून आलं. जेन्नरलाही घोड्याचा संशय होताच. विषाणू कोणत्या जनावराचा यापेक्षा तो माणसाच्या देवीचा जवळचा पण दुबळा नातलग आहे, हे महत्त्वाचं होतं.

अडचण होती ती लस भारतात आणण्याची. बर्फ नाही, शीतपेटी नाही. सुताला किंवा काचेला लावून सुकवलेली लस आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात विषुववृत्ताच्या उन्हात निकामी होई. मुंबई आणि मद्रासला पाठवलेले नमुने असे एकापाठोपाठ एक फुकट गेले. शेवटी रस्ता सापडला तो जमिनीवरून. व्हिएन्नात राहणारा डॉक्टर ज्याँ द कारो याने इटलीतल्या लोंबार्डीच्या गाईंपासून मिळालेली लस कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला पाठवली. १८०२च्या वसंतात बगदादेत ती लागली. तिथून बसरा. बसऱ्याला माणसामागून माणसाला टोचत ती जिवंत ठेवली गेली आणि तिथून जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ऍना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागली. भारतातली ही पहिली यशस्वी देवीची लस. आठवड्याभरात तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचण्यात आलं. मुंबईच्या वैद्यकीय मंडळाचा प्रमुख हेलेनस स्कॉट याने मग ती वेगवेगळ्या शहरांकडे पाठवायला सुरुवात केली. पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. बाजीराव दुसऱ्याच्या पुण्यात रेसिडेन्सीचा डॉक्टर थॉमस कोट्स याने पुढची अनेक वर्षं हे काम केलं.

ही लस म्हणजे कुपीत भरून कपाटात ठेवायचा पदार्थ नव्हता. टोचल्यापासून आठव्या दिवशी फोड पक्व होई. त्या दिवशी, फार तर एखाद दिवस मागेपुढे, फोड हलकेच फोडून त्यातलं पातळ द्रव्य पुढच्या मुलाच्या दंडात टोचावं लागे. त्या मुलाचा फोड आणखी आठ दिवसांनी तयार. मध्ये एक मुलगा चुकला, फोड लागला नाही, आईने यायचं टाळलं, की लस त्या गावात संपली. मग जवळच्या गावाहून पुन्हा आणायची. म्हणून लस फिरत होती ती मुलांच्या अंगावरून. त्याच वर्षांत, १८०३मध्ये, स्पेनच्या राजाने फ्रान्सिस्को हाविएर द बाल्मिस या डॉक्टरला अनाथाश्रमातली मुलं बरोबर देऊन अमेरिकेला पाठवलं. जहाजावर ठरावीक दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत टोचत त्याने लस अटलांटिक पार नेली. दख्खनमध्ये तोच प्रवास पायी आणि डोलीतून झाला, आणि त्यासाठी कोणतीही मोहीम जाहीर झाली नाही.

कोणाच्या अंगावरून ती फिरली याची नोंद क्वचितच झाली. वैद्यांची नावं कागदांत आहेत, मुलांची नाहीत. मुंबईची ऍना हा असाच एक अपवाद. बहुतेक गरिबांची मुलं, शिपायांची मुलं, मिश्र वस्तीतली मुलं. थोडा हिशेब करून पाहावा. मुंबईत जून १८०२मध्ये लागलेल्या लशीची साखळी न तुटता म्हैसूरला जुलै १८०६पर्यंत आली असती, तर आठ दिवसांचा एक टप्पा धरून १८०हून अधिक दंड लागले असते. प्रत्यक्षात साखळी मध्ये मध्ये तुटली, पुन्हा जोडली गेली, तिला फांद्या फुटल्या. पण राजवाड्यात पोचलेल्या थेंबाच्या मागे अशा शेकडो पोरांचे दुखरे दंड होते.

लोकांचा विरोध नेमका इथेच होता. लस गाईची आहे म्हणून हिंदू लोक ती आनंदाने घेतील, असं कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटत होतं. तसं झालं नाही. गाय लांब कुठेतरी परदेशात राहिली होती. दंडात येत होतं ते दुसऱ्या माणसाच्या फोडातलं पाणी. ते कोणाच्या मुलाच्या अंगातून आलं, त्या मुलाची जात कोणती, त्याच्या घरी काय शिजतं, हे सगळे प्रश्न टोचणाऱ्याच्या पुढे उभे राहत. शिवाय ज्या मुलाच्या दंडातून लस काढायची त्याच्या आईलाही ते नको असे. पोर आधीच तापाने किरकिरं झालेलं, त्यात त्याचा फोड पुन्हा टोकरायचा. तिच्या नकाराला मी हटवादीपणा म्हणणार नाही. आणि टीकादारांचा पोटापाण्याचा धंदाही यात बुडत होता. त्यांनी लशीविरुद्ध बोलावं हे स्वाभाविकच होतं.

म्हैसूर राज्यात लस नेटाने टोचणाऱ्यांत एक फ्रेंच पाद्री होता. आबे ज्याँ-आंत्वान द्युब्वा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी देश सोडून आलेला हा माणूस गावकऱ्यांसारखे कपडे घालून, त्यांच्यासारखं जेवून राहत असे. हिंदूंच्या चालीरीतींवर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचं हस्तलिखित रेसिडेंट विल्क्सच्याच शिफारशीने मद्रासच्या गव्हर्नराने विकत घेतलं. ग्रंथातल्या त्याच्या कित्येक मतांशी आपण सहमत होणार नाही, आणि होऊही नये. पण देवीची लस त्याने गावोगाव नेली. त्याच्या देखरेखीखाली २५,४३२ लोकांना टोचल्याची नोंद कंपनीच्या कागदांत झाली. लोक त्याला ओळखत होते आणि त्याच्यावर विश्वास टाकत होते, हे त्या आकड्यामागचं मोठं कारण असावं असं मला वाटतं.

राज्याचा कारभार तेव्हा दिवाण पूर्णय्यांच्या हाती होता. देशस्थ माध्व ब्राह्मण, हैदराच्या पदरी हिशेबनीस म्हणून सुरुवात केलेला, टिपूचा खजिना सांभाळलेला, टिपूनंतर बाल राजाचा दिवाण झालेला हा माणूस. दप्तरात कानडीबरोबर मराठी चालत होती आणि आकडेमोडीत त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता. विल्क्स आणि पूर्णय्या यांचा घरोबा होता. विल्क्सने पुढे दक्षिण हिंदुस्थानचा जो इतिहास लिहिला त्यातली कितीतरी माहिती पूर्णय्यांकडून आलेली. देवीची लस राज्यभर पसरवायची तर दवंडी पिटून भागणार नाही, हे त्या दोघांना कळत होतं. सरकारने सांगितलेली सुई आपल्या अंगात का शिरू द्यावी, याचं उत्तर लोकांना मिळायला हवं होतं.

ते उत्तर राजवाड्याच्या जनानखान्यातून आलं. कृष्णराजाशी लग्न करण्यासाठी १८०५मध्ये देवाजम्मण्णी नावाची मुलगी म्हैसूरला आली होती. नवरा आणि नवरी, दोघंही बाराच्या आसपासची. तिला लस टोचण्यात आली. जुलै १८०६च्या एका नोंदीत असं म्हटलं आहे की राणीने देवी काढून घेतल्याचा प्रजेवर चांगला परिणाम झाला आणि लोक टोचून घ्यायला पुढे येऊ लागले.

याच प्रसंगाचं म्हणून एक चित्र आज ओळखलं जातं. थॉमस हिकी हा आयरिश चित्रकार त्या वर्षांत म्हैसूरला होता. त्याने पूर्णय्यांचंही चित्र काढलं आहे. १८०५च्या सुमाराला त्याने तीन स्त्रियांचं एक मोठं तैलचित्र रंगवलं. पुढे कितीतरी काळ त्या नाचणाऱ्या बायका आहेत असं समजलं जात होतं. केंब्रिजचे इतिहासकार नायजेल चान्सेलर यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडलं की या म्हैसूरच्या राण्या आहेत आणि हे चित्र लशीच्या प्रचारासाठी काढलेलं असावं. उजवीकडची मुलगी साडीचा पदर डाव्या हाताने थोडा सारून दंड दाखवते आहे. तिथे लस टोचलेली असणार. ती धाकटी देवाजम्मण्णी. डावीकडची स्त्री थोरली राणी, तिचंही नाव देवाजम्मण्णी. तिच्या नाका-ओठांभोवती कातडी फिकट पडलेली दिसते. चान्सेलर यांच्या मते नाकात खपलीची पूड फुंकून केलेल्या जुन्या टोचणीचा हा परिणाम असू शकतो. मध्ये उभी आहे ती लक्ष्मी अम्मण्णी.

हे वाचन सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, आणि चित्रातल्या हावभावांवरून इतकं ठरवणं अवघड आहे हे खरंच. पण मला ते पटतं, कारण त्यात रोगाचा आणि प्रतिकारशक्तीचा जो क्रम दिसतो तो वडियारांच्या घरातल्या अनुभवाशी जुळतो. एकीने जुनी टोचणी घेतलेली, एकीने नवी, आणि मध्ये ती म्हातारी जिने या घराचा राजा देवीने गेलेला पाहिला. परदानशीन घराण्यातल्या स्त्रियांनी परक्या पुरुष चित्रकारासमोर उभं राहावं, आणि त्यातल्या एकीने दंड उघडा करावा, हे त्या काळात लहान धाडस नव्हतं. ते कंपनीच्या दडपणाने झालं असंही कोणी म्हणेल. कंपनीचा फायदा होताच, चित्राचा उपयोगही तिलाच अधिक. तरी लक्ष्मी अम्मण्णीच्या आयुष्याकडे पाहिलं तर ही बाई कोणाच्या दडपणाखाली वागणारी वाटत नाही. हैदर आणि टिपू यांच्या अमलात राहून तिने इंग्रजांशी गुप्त वाटाघाटी चालवल्या होत्या. नातवाला बापाच्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, एवढं तरी तिने स्वतःचं ठरवलेलं असणार.

राणीच्या दंडात आलेला थेंब कोणाच्या दंडातून आला, याचा उल्लेख कुठे आढळत नाही. राणीला टोचण्याच्या आठ दिवस आधी एखाद्या मुलाला टोचलं गेलं असेल, त्याला तपासून, निरोगी पाहून, राजवाड्यात नेलं असेल. कदाचित त्याची जातही तपासली असेल. तो चित्रात नाही. चित्रात त्याला जागा द्यायची कल्पनाही त्या काळी कोणाला सुचली नसती. लस त्याच्याशिवाय जनानखान्यात येऊ शकत नव्हती.

लक्ष्मी अम्मण्णी १८१०मध्ये वारली. पूर्णय्या १८११मध्ये दिवाणगिरीवरून उतरले आणि पुढच्याच वर्षी गेले. देवाजम्मण्णीच्या नवऱ्याने मात्र १८६८पर्यंत आयुष्य पाहिलं. देवीचा रोगही तितकाच टिकला, त्याहून बराच अधिक. राणीच्या उदाहरणाने काही गावं पुढे आली असतील, पण दंडामागून दंड ही पद्धत एका देशाला पुरणारी नव्हतीच. साखळी तुटे, लस दुबळी होई, उन्हाळ्यात टोचणी बंद पडे. शिवाय लशीची आठवण शरीरात देवीच्या आठवणीइतकी टिकत नाही. काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं, हे कळायला डॉक्टरांनाही वेळ लागला. दरम्यान लस घेतलेल्याला देवी आल्या की लोकांचा विश्वास उडे. त्याहून वाईट म्हणजे एका मुलाच्या फोडातून दुसऱ्याला उपदंश किंवा कावीळ जाऊ शकते हे युरोपात सिद्ध झालं. जर्मनीत ब्रेमेनला १८८३मध्ये लशीवाटे काविळीची साथ पसरली. जातीच्या प्रश्नातून जी आई नकार देत होती तिच्या शंकेत वैद्यकीय सत्यही होतं. दुसऱ्याच्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात घालण्यात धोका होता.

मग वासरं आली. वासराच्या पोटावरची कातडी भादरून, तिच्यावर लस लावून, फोड उठले की खरवडून लस काढायची. एका वासरातून शेकडो जणांची लस निघे आणि माणसाचं रक्त मध्ये येत नसे. १८८०मध्ये भारत सरकारने लसीकरणाचा कायदा केला. त्याआधी तीन वर्षं मुंबईने स्वतःचा केला होता. मुंबई इलाख्यासाठी वासरांची लस तयार करण्याचं मोठं केंद्र बेळगावात उभं राहिलं. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना आज मैदान म्हणून माहीत आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या, कोकणातल्या कित्येक पिढ्यांच्या दंडांवरचा तो गोल व्रण तिथल्या वासरांमुळे उठला. गावात देवी डॉक्टर आला की पोरं उसाच्या शेतात लपत, आणि आई पदर कंबरेला खोचून त्यांना शोधून आणी. ज्या आईला पूर्वी सुई नको होती तिची नात आता पोराला ओढत आणत होती. या बदलाला शंभर वर्षं लागली.

मे १९७५मध्ये आसामात भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. हे शक्य झालं ते देवीच्या विषाणूच्याच काही गुणांमुळे. तो माणसाखेरीज कुठल्याही प्राण्यात राहत नाही. लक्षणं नसलेला माणूस तो कोणाला देत नाही. आणि लागण झाल्यावर तीन-चार दिवसांत लस दिली तरी ती रोगाच्या आधी पोचते, कारण दंडातला विषाणू शरीराला जागं करण्यात घशातल्या विषाणूला मागे टाकतो. म्हणून एक रुग्ण सापडला की त्याच्या भोवतीच्या घरांत टोचत जायचं, एवढ्यावर शेवटची मोहीम जिंकता आली.

म्हैसूरच्या राजवाड्याला मात्र संसर्गाने दुसऱ्या बाजूने पुन्हा गाठलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरचे राजे नाल्वडी कृष्णराज वडियार यांची बहीण राजकुमारी कृष्णाजम्मण्णी आणि तिच्या मुली क्षयाने गेल्या. तिच्या नावाने शहराबाहेर, टेकडीच्या मोकळ्या हवेत, १९२१मध्ये क्षयाचं आरोग्यधाम सुरू झालं. स्वच्छ हवा, दूध, अंडी, विश्रांती, यापलीकडे तेव्हा औषध नव्हतं. त्याच १९२१ साली पॅरिसमध्ये क्षयाची बीसीजी लस पहिल्यांदा एका बालकाला देण्यात आली. ती गाईंना होणाऱ्या क्षयाच्या जंतूपासून तयार केलेली होती. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी तेरा वर्षं प्रयोगशाळेत वाढवत वाढवत त्याचा जोर उतरवला होता. इथेही गाईचाच नातलग, इथेही तोच विचार.

पण क्षयाने देवीसारखी हार मानली नाही. क्षयाचा जंतू ज्या भक्षक पेशींनी त्याला गिळावं त्यांच्याच आत तळ ठोकून राहतो. शरीर त्याच्या भोवती पेशींचा तट उभारतं, आणि तो तटाच्या आत वर्षानुवर्षं दबून राहतो. वय झालं, पोषण खालावलं, मधुमेह झाला, प्रतिकारशक्ती ढासळली, की तो बाहेर पडतो. अशा जंतूशी एकदा लढणं म्हणजे कायमची सुटका नव्हे. क्षय होऊन बरा झालेल्या माणसालाही क्षय पुन्हा होतो. मद्रासजवळ चिंगलपेट जिल्ह्यात १९६८पासून लाखो लोकांवर बीसीजीची मोठी चाचणी झाली. प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयापासून ती तिथे जवळपास काहीच संरक्षण देत नाही, असं तिच्यातून दिसलं. लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून जन्मलेल्या बाळाच्या डाव्या दंडावर ती आजही टोचली जाते. म्हैसूरचं आरोग्यधाम आता क्षयाचं सरकारी रुग्णालय आहे, आणि तिथे खोकत येणाऱ्या अनेकांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो.